इंचभर लांब दांडी

७ फेब्रुवारी, शनिवार
सुट्टी. सकाळीच द्वारका चौकाजवळच्या वखारीत. चौकात कुंभमेळ्याची खोदाखोद, गाडी अर्धा रस्ता ढकलतच नेली. वखारीत फळ्या उलटून पालटून कंटाळलो. एकीला गाठ, दुसरीला चीर. शेवटी मागच्या ढिगातून एक तुळई निघाली, कुणाच्या तरी पाडलेल्या घराची. अस्सल साग, पुरता मुरलेला. नखाने खरवडून वास घेतला आणि तिथेच हात जोडले. वखारवाला म्हणाला, लाकडाच्या पाया पडणारं गिऱ्हाईक पहिल्यांदाच बघतोय.

गावच्या भैरोबाची नवी पालखी करायची आहे. जुनीला वाळवी लागली. ती आमच्या पणजोबांनी केलेली, म्हणून यात्रा कमिटीने मलाच गळ घातली. अंबडला कंपनीत मी लाकडी पॅटर्न, म्हणजे नमुने, करतो, त्यावरून पुढे लोखंड ओततात. त्यात हात बसलेला आहे. देवाचं काम मात्र कधी केलेलं नाही. महिनाभर छातीवर दगड होता. आज निम्मा उतरला.

१० फेब्रुवारी, मंगळवार
दिवा लावला, मग पटाश्यांना धार. दगडावर पटाशी फिरवताना नाम आपोआप येतं. मुद्दाम डोळे मिटून बसलो की मन भाजीबाजारात जातं. बायकोला, सुनंदाला, हे सांगितलं तर म्हणाली, मग देवघरात दगडच ठेवा. बरोबर आहे तिचं.

१४ फेब्रुवारी, शनिवार. गावी
लाकूड टेंपोने गावी पोचवलं. दादाच्या पडवीत काम करायचं ठरलंय. समोर एकलहऱ्याच्या वीजकेंद्राच्या चिमण्या दिसतात, धूर कुणीकडे जातो त्यावरून वारा कळतो.

दुपारी दत्तू आला. शाळेत एका बाकावर होतो आम्ही. आता नाशिकरोड स्टेशनला रिक्षा चालवतो. हलगी त्यांच्या घराण्याकडे. भैरोबाच्या पालखीपुढे वाजवायची ती त्यांनीच. ओट्यावर बसून लाकडावरून हात फिरवला, चांगलं आहे म्हणाला. मग म्हणाला, यंदा मी वाजवणार नाही. दुसरा बघा.

कारण विचारायची गरज नव्हती, तरी विचारलं. पालखी गावभर फिरते. खालच्या आळीच्या कोपऱ्यापर्यंत येते आणि तिथून देवळाकडे वळते. आळीतली माणसं आरतीची ताटं घेऊन कोपऱ्यावर उभी राहतात. पूर्वी मांगवाडा म्हणायचे, आता खालची आळी म्हणतात. नाव बदललं, कोपरा तोच राहिला. देवापुढे गावभर दत्तू चालतो, आणि पालखी देवळाकडे वळली की हलगी काखेत मारून एकटा आपल्या घरी जातो.

"आज्जा वाजवून गेला, बाप वाजवून गेला," म्हणाला. "देवाला आमच्या घराचा रस्ता दाखवून दाखवून हात भरून आले. आता बास. पोरगं म्हणतं, त्यांचा देव, आपल्याला काय करायचंय. मी म्हणतो, त्यांचा कसा? पुढं चालतो कोण?"

गावात विचारलं की एकच उत्तर. गल्ली अरुंद, कोपरा काटकोनात, पालखीची दांडी वळत नाही. लहानपणापासून ऐकतोय. कुणी वळवून पाहिल्याचं मात्र ऐकलेलं नाही. मीही कधी विचारलं नाही.

जाताना दत्तू म्हणाला, "मिस्त्री, तुझा देव माझ्या रिक्षात बसव. कुठल्याबी बोळात वळवून देतो." दोघंही हसलो. तो गेल्यावर रंधा हातात घेतला, पण काम सुचेना.

१५ फेब्रुवारी, रविवार
महाशिवरात्र. उपवास, साबुदाणा, पित्त.

कालचं डोक्यात. दत्तू ओट्यावर बसला म्हणून मीही बाहेर जाऊन बसलो. नेहमीचंच. आमच्या घरात त्याला कुणी अडवत नाही, दादा नाही, वहिनी नाही. तरी तो आत येत नाही आणि मी आत ये म्हणत नाही. आई होती तोवर तो नियम होता. नियम गेला, सवय उरली. नियमाशी भांडता तरी येतं.

२१ फेब्रुवारी, शनिवार. गावी
जुन्या दांडीच्या लांबीचा बांबू तोडला. मधोमध पालखीच्या रुंदीचा पाट बांधला आणि दत्तूला घेऊन त्या कोपऱ्यावर गेलो. देवळातला सखाहरी गुरवही आला, नको नको म्हणत. बांबू वळवून पाहिला.

खरंच अडकला. सरळ धरला, तिरपा धरला, नाहीच. मला एकदम हलकं वाटलं. म्हणजे आपले बापजादे खोटं तरी बोलत नव्हते. दत्तूला तसं म्हटलं. त्याने मान हलवली नाही.

मग बांबू थोडा थोडा छाटत गेलो. साडेआठ फुटांवर सुळकन वळला, भिंतीला न लागता. दोन्ही टोकांना बोटभर जागा राहिली. बांबू दत्तूच्याच घरी टेकवून ठेवला. साध्या टेपने मोजून माप चिठ्ठीवर लिहून घेतलं.

दत्तू बराच वेळ त्या बांबूच्या तुकड्यांकडे बघत होता. दीडएक फूट असतील सगळे मिळून. म्हणाला, "एवढ्यासाठी?"

सखाहरीने तुकडे उचलून चुलीला नेले.

२४ फेब्रुवारी, मंगळवार
कंपनीत मन नाही. शनिवारी कमिटीपुढे बोलायचंय. मला चारचौघांत बोलता येत नाही. सु. म्हणते, बोलू नका, बांबू दाखवा.

२८ फेब्रुवारी, शनिवार. गावी
झालं. बोललो. आभाळ कोसळलं नाही.

कमिटी म्हणजे मुख्यतः उत्तमनाना. पालखीच्या दांडीला चार खांदे, पुढे दोन, मागे दोन, चार घरांचे मान ठरलेले. पुढचा डावा खांदा नानांचा. माणूस वाईट नाही. दादाच्या आजारपणात स्वतःची गाडी काढून दवाखान्यात नेलं होतं. पण गावात जे चालत आलं ते त्यांना दगडावर कोरलेलं वाटतं.

मी म्हटलं, दांडी साडेआठ फूट ठेवली तर पालखी खालच्या आळीतून जाते, मोजून पाहिलंय. एकजण म्हणाला, दांडी आखूड केली की देव बारका दिसेल. दुसरा म्हणाला, खांदेकरी एकमेकांच्या पायात येतील. नाना ऐकत होते, पान लावत होते. दत्तूचा निरोपही सांगितला, की नाहीतर हलगी नाही. त्यावर एकाने बँडवाल्याचा नंबर काढला. नाना त्याच्यावर खेकसले. बँडपुढे भैरोबा चालायचा नाही, हे त्यांचं मत.

शेवटी म्हणाले, "ठीक. वळली तर नेऊ. नाय वळली तर पुन्हा ह्या विषयावर तोंड उघडायचं नाय. ना तू, ना दत्तू. आणि खांदे ज्यांचे त्यांचेच, त्यात काय बदल नाय."

मी होय म्हणून आलो. दत्तूला रिक्षास्टँडवर फोन करून सांगितलं. पलीकडून नुसते हॉर्न ऐकू येत होते. मग म्हणाला, "बरं. हलगी तापवाया घेतो."

रात्री भाकरी गोड लागली. कित्येक दिवसांनी.

७ मार्च, शनिवार. गावी
पॅटर्नचं काम करणाऱ्याला कागदावरच्या चित्रावर भरवसा नसतो. आधी पूर्ण मापाचं चित्र फरशीवर काढायचं, मग लाकूड त्यावर ठेवून बघायचं. आज दादाच्या मधल्या खोलीत खडूने अख्खी पालखी काढली. कमान, कठडा, पाय. वहिनी कडेकडेने स्वयंपाकघरात जात होती, साडी सावरत.

दत्तू आला. बाहेरून म्हणाला, दाखव. मी म्हटलं, आत ये, फरशीवर आहे. उंबऱ्यापाशी चप्पल काढून उभा राहिला. "फरशीवर देव काढलाय होय. मग पाय कुठं ठेवू?" मी म्हटलं, जिथे मी ठेवलाय तिथे. आला. उकिडवा बसून बघितलं. कठड्याच्या नक्षीत कमळ बरं दिसेल म्हणाला. वहिनीने तिघांना चहा आणला, एकाच ताटलीत तीन कप, सगळे सारखे. तिने मुद्दाम केलं की सहज, माहीत नाही. विचारलं नाही. विचारायचं नसतं.

८ मार्च, रविवार. सिडको
रंगपंचमी. शेजाऱ्यांनी दारातच गाठलं. कानात अजून रंग आहे. कठड्याचे खांब घरी आणलेत, हात तीनदा धुतल्याशिवाय त्यांना शिवलो नाही.

१४ मार्च, शनिवार. गावी
आज दांडी. सगळ्यात अवघड आणि सगळ्यात सुखाचं काम. तुळई चिरून घेतलेली होतीच. चिठ्ठीवरचं माप, पिशवीतली पट्टी, खुणा, करवत. मग दिवसभर रंधा. चौकोनाचे आठ कोन, आठाचे सोळा, मग गोल. शेवटी डोळे मिटून तळहात फिरवला तरी कोन लागेना.

दोन्ही टोकं निमुळती करून चांदीची टोपणं बसवली. जुन्या पालखीचीच टोपणं, उजळून आणलेली. चपखल बसली. त्यातून रिवेट मारले.

कंपनीत मी केलेला पॅटर्न कुणी पाहत नाही. त्यावरून वाळूत ठसा उठतो, लोखंड ओततात, आणि पॅटर्न पुन्हा मांडणीवर. माझी वस्तू जगात जात नाही, तिची पोकळी जाते. ही मात्र जशीच्या तशी जाणार. खांद्यावर.

१९ मार्च, गुरुवार. पाडवा
पालखी देवळात दिली. पूजा झाली, मुखवटा बसवला. सुताराचा मान एवढाच की दांडीची पाचर ठोकायची, ती ठोकली. नानांनी दांडी खांद्यावर घेऊन पाहिली. काही बोलले नाहीत, पण खाली ठेवताना हलकेच ठेवली. सु. गावी आली होती. म्हणाली, तुमचे डोळे भरलेत. मी म्हटलं, धूप.

परत येताना गाडीवर गुणगुणत होतो म्हणे.

२३ मार्च, सोमवार
जेवण बाजूला सारून लिहितोय.

कंपनीत नवा पॅटर्न सुरू करायचा म्हणून पिशवीतून पट्टी काढली. साधी स्टीलची निघाली. श्रिंकेजची पट्टी शोधली, मांडणीवर नाही, खणात नाही. मग आठवलं. गावी दादाच्या पडवीत खिळ्याला टांगून आलोय. म्हणजे दांडी केली त्या शनिवारी पिशवीत तीच होती. दांडीचं माप मी त्या पट्टीने घेतलं.

संध्याकाळी सु.ला सांगितलं. तिला कळेना मी एवढा का पांढरा पडलोय. समजावलं. ओतलेलं लोखंड गार होताना आखडतं, म्हणून पॅटर्न आधीच मोठा करायचा. त्यासाठी आमच्याकडे वेगळी पट्टी. दिसायला नेहमीसारखी, पण तिच्यावरचा प्रत्येक इंच खऱ्या इंचापेक्षा केसभर मोठा. फूटभर मापात फरक जाणवत नाही. साडेआठ फुटांत इंचभर होतो.

ती आधी हसली. "म्हणजे तुम्ही देवाला लोखंड समजून मोठा केला. गार झाला की बसेल मापात." मग माझं तोंड बघून थांबली. म्हणाली, कापून टाका की इंच.

हो. कापतो. त्यात काय.

२४ मार्च, मंगळवार
सखाहरीला फोन केला. नाही म्हणाला. देव बसला की यात्रा होईपर्यंत पालखीला कापायचं हत्यार लावत नाहीत. पाडवा झाला, आता यात्रेनंतर. काय झालं विचारत होता. काही नाही म्हटलं.

बोटभर जागा होती दोन्हीकडे. इंच म्हणजे प्रत्येक टोकाला अर्धा इंच. जाईल. जायला पाहिजे.

२८ मार्च, शनिवार. गावी
दत्तूच्या घरून बांबू घेतला, टोकाला इंचभर खपली बांधली आणि कोपऱ्यावर दोघांनी वळवून पाहिला. एकदा घासून गेला. एकदा अडकला. धरणाऱ्यावर आहे.

मग दत्तूला सांगावंच लागलं. त्याच्या ओट्यावर बसलो, सगळं सांगितलं. त्याची बायको पाण्याचा तांब्या ठेवून गेली. तो ऐकून घेऊन म्हणाला, "म्हंजी यंदा पहिल्यांदा देव यायला तयार झाला, आणि तू मधी आलास."

मी तांब्यातलं पाणी प्यायलो.

"आता नानांना जाऊन सांगणार असशील."

मी म्हटलं, सांगायला नको का? चूक माझी आहे. आधीच सांगितलेलं बरं.

"सांग की. तुला झोप लागंल. ते म्हणतील, पुढच्या वर्षी बघू, आणि पुढच्या वर्षी कुणाचं काहीतरी निघंल. तुझं मन साफ, आणि आम्ही हायेच कोपऱ्याला."

माझ्या खरं बोलण्याचा भार दुसऱ्याने उचलायचा, हे कधी लक्षातच आलं नव्हतं. आईने शिकवलं तेव्हा असं काही सांगितलं नव्हतं.

सखाहरी देवळात भेटला. सहज विचारल्यासारखं विचारलं, पालखी कुठे अडलीच तर काय करतात? म्हणाला, थांबतात, वाट काढतात. मागे घेत नाहीत. भैरोबा पाऊल मागे घेत नाही. म्हणून तर आजवर त्या गल्लीत शिरले नाहीत, कोण जोखीम घेणार.

नानांच्या घरावरून दोनदा गेलो. आत गेलो नाही.

२ एप्रिल, गुरुवार
हनुमान जयंती. मारुतीपुढे उभा राहिलो. काय मागू? इंच?

६ एप्रिल, सोमवार
सु. म्हणते, जेवताना बोटांनी मापं घेता. खरं आहे. पोळीची घेत होतो.

११ एप्रिल, शनिवार. सकाळी
काल यात्रा झाली. आज अंग मोडून आलंय, पण बसून लिहितोय. विसरायचं नाही.

पालखी दुपार कलल्यावर निघाली. पाचर मी ठोकली. पुढे दत्तू, अंगात पांढरा सदरा, हलगी शेकून कडक केलेली. मानकरी चौघं. सखाहरी कडेने, मी मागे, सुताराने मागेच चालायचं. गावभर नारळ, गुलाल. मला काही दिसत नव्हतं, डोळ्यांपुढे नुसती ती दांडीची टोकं.

कोपरा आला. आळीतली माणसं नेहमीसारखी ताटं घेऊन उभी. दत्तूने मागे वळून पाहिलं नाही. वाजवत वाजवत सरळ स्वतःच्या गल्लीत शिरला. नाना क्षणभर थबकले. मग कमिटीत शब्द दिला होता म्हणून असेल, वळले. पुढचे दोघं आत, पालखी तिरपी झाली, मागचे दोघं सरकले. आणि कड्डकन आवाज. चांदीचं टोपण भिंतीत. गिलावा पडला.

अडकली.

पुढे ढकलली, नाही. किंचित फिरवली, मागचं टोक दुसऱ्या भिंतीला. मागून एकजण म्हणाला, सांगितलं होतं, नाही वळत, घ्या मागे. सखाहरीने एवढंच म्हटलं, "मागे नाही." हलगी तेवढी चालू. दत्तू पार त्याच्या दारापर्यंत पोचला होता, दिसतही नव्हता. नुसता आवाज येत होता, थांबायचं नाव नाही.

मी पुढे झालो. नानांना म्हणालो, "नाना, दांडी इंचभर लांब झाली. पट्टी चुकली माझी. पाडव्यानंतर कळलं, तुम्हाला सांगितलं नाही." कसा बोललो कोण जाणे. नानांनी माझ्याकडे बघितलं. कपाळावर गुलाल, त्यातून घाम. तेव्हा ते म्हणू शकले असते, झालं, ठरल्याप्रमाणे विषय संपला. पण संपवून जाणार कुठे? खांद्यावर देव, देवाला मागे घेता येत नाही.

म्हणाले, "ते नंतर बघतो तुझं. आता काय करायचं सांग."

मी सांगितलं. पुढची बाजू खाली, मागची वर. तिरपी केली की तेवढ्या लांबीला जागा कमी लागते. पण पुढच्यांनी खांद्यावरून उतरवून कमरेशी, हातावर घ्यायला हवी.

खांद्यावरून कधी उतरवलेली नाही, मागचा कुणीतरी म्हणाला. नाना ओरडले, "मग इथंच ऱ्हायचं का यात्रेभर? हातावर घ्या."

सखाहरीने मुखवट्यावर पंजा ठेवला, घट्ट. पुढचे दोघं वाकले. साग जड असतो, खांद्यावर कळत नाही, हातावर कळतं. नानांचा हात सुटायला लागला. "अरे धरा कुणीतरी," म्हणाले. कोपऱ्यावर जे उभे होते ते धावले. ताटं ओट्यावर ठेवून. कोण होतं मी मोजलं नाही. दांडीखाली नुसते हात. गुलालाने सगळे लाल, कुणाचा कुठला ओळखू येत नव्हता. दत्तूचा चुलता नानांच्या काखेतून हात घालून धरून होता आणि नाना त्याला म्हणत होते, "वर नको, म्हाताऱ्या, खाली, खाली घे."

निघाली. टोपण भिंतीवर ओरखडा काढत निघाली. पलीकडे गेल्यावर पुन्हा खांद्यावर घ्यायला मानकऱ्यांना सुचायला वेळ लागला. पाच-सात घरं तशीच हातावर गेली.

दत्तूच्या दारात पालखी थांबली. त्याच्या बायकोने ओवाळलं. निरांजन विझलं, पुन्हा लावलं. दत्तू वाजवतच होता. सखाहरीने शेवटी त्याचा हात धरला तेव्हा थांबला. त्याचं पोरगं आलं नाही, घरात होतं म्हणे, दार ओढून. त्याचं तो बघेल. जबरदस्ती देवाचीही नको.

मी भिंतीला टेकून उभा होतो. दत्तू जवळ आला. म्हणाला, "सांगितलंस शेवटी नानांना."

"सांगितलं."

"आता झोप लागंल का?"

लागली. गाढ.

१२ एप्रिल, रविवार. सिडको
दिवसभर काही केलं नाही. हत्यारं पुसून तेल लावून ठेवली. सु.ने पुरणपोळी केली, कारण विचारलं तर म्हणाली, कारण लागतं का.

नानांची भीती होती. काल गावातून निघताना त्यांच्या घरी गेलो, माफी मागितली. म्हणाले, त्या भिंतीवाल्याला गिलावा करून दे. बस्स, एवढंच. मग हाताचा पंजा उघडून दाखवला, दांडीचा वळ उठला होता. "खांद्याला कधी उठला नाय," म्हणाले. तक्रार होती की काय, कळलं नाही.

१८ एप्रिल, शनिवार. गावी
भिंतीचा गिलावा केला. आळीतल्या दोघांनी वाळू चाळून दिली.

कमिटी बसली होती, हिशेबाची. मला बोलावलं. नाना म्हणाले, पुढच्या वर्षीपासून पालखी खालच्या आळीतून जाईल, तसं लिहून टाकलंय. यात आता चर्चा नको. मनात म्हटलं, भैरोबा, झालं. मग म्हणाले, "यात्रा झाली. आता दांडी इंचभर कापून घे, मिस्त्री. नीट खांद्यावरून गेली पाहिजे. मान ज्याचा त्याला."

बरोबर बोलले. माझी चूक मलाही डाचते आहे. चुकलेलं माप लाकडात ठेवून मला जगता येत नाही. कंपनीतला पॅटर्न असता तर केव्हाच तासून काढला असता.

देवळाकडे निघालो तर दत्तू रिक्षा घेऊन समोर. त्याला कळलं होतं. म्हणाला, चल सोडतो, दोनशे पावलांसाठी. रिक्षा देवळापुढे थांबवली आणि उतरू देईना.

"कापू नको."

मी म्हटलं, वेडा आहेस का. आता येणार आहे दरसाल, लिहून झालंय. कापली तर बिनघोर येईल.

"येईल. खांद्यावर येईल. चौघांच्या. आम्ही परत ताट घेऊन, कोपऱ्याऐवजी दारात. एवढाच फरक." हँडलवर बोटांनी ताल धरला होता त्याने, नकळत. "आडकली म्हणून हात लागला. चुलता अजून हात धूत नाय नीट, बायको वरडती त्याला."

मी म्हटलं, अरे, पण अडकली आणि नाही निघाली तर? पडली तर?

"तर काय. पुन्हा धरू."

उतरलो. सखाहरीने दांडी काढून ओसरीत आडवी ठेवली होती, दोन पाटांवर. या खेपेला साधी पट्टी आणली आहे, दोनदा तपासून. रिवेट काढले, टोपण काढलं, माप घेतलं. बरोबर इंचभर जास्त. पेन्सिलीने गोल खूण केली. करवत काढून मांडीवर घेतली.

नानांनी आळी लिहून दिली, खांदे दिले नाहीत. दत्तूला खांदे मागायचे नाहीत, फक्त अडचण हवी आहे. आणि ही अडचण माझ्या हातून चुकून झाली, आता ठेवली तर मुद्दाम होईल. चुकून झालेलं देवाचं. मुद्दाम ठेवलेलं माझं. तेवढं उचलायची माझी तयारी आहे का, ठरत नाही.

सखाहरी म्हणाला, चहा घे, मग काय ते कर. घेतला. बाहेर रिक्षा उभीच होती, इंजिन बंद.

खूण केलेली आहे, करवत चालवलेली नाही. दांडी ओसरीत आहे. पुढच्या शनिवारी येतो म्हटलंय.